उपमुख्याध्यापक नेमायचा कसा आणि त्याने करायचं काय

शाळा कोण चालवतं असं विचारलं तर सगळे मुख्याध्यापकांचं नाव घेतात, ऑफिसातल्या बोर्डावर नावही त्यांचंच असतं, पण अनुदानित हायस्कूलमध्ये ज्याने चार वर्षं काढलीत त्याला विचारा, तो सांगेल की घंटा झाल्यावर आठवी ब वर कोणी गेलंय की नाही, गणिताच्या बाई प्रसूती रजेवर आहेत तर त्यांचे तास कोण घेणार, नववीतला एक मुलगा तीन दिवस दप्तर घेऊन घरून निघतो पण शाळेत पोचत नाही त्याच्या घरी फोन कोणी करायचा, हे सगळं बघणारा माणूस वेगळा असतो. मोठ्या शाळेत तो उपमुख्याध्यापक, जरा कमी तुकड्या असतील तर पर्यवेक्षक, इंग्रजी माध्यमात व्हाइस प्रिन्सिपल. त्याहून लहान शाळेत पदच मंजूर नसतं, तिथे स्टाफमधले सगळ्यात सिनियर सर हेच काम करतात, पदाशिवाय आणि जादा पगाराशिवाय.

माझं म्हणणं एवढंच आहे की वर्गात काय शिकवलं जातंय याच्याकडे लक्ष द्यायला ज्याला थोडा तरी वेळ मिळू शकतो असं शाळेत आता हे एकच अधिकाराचं पद उरलंय, आणि नेमकं तेच आपण सगळ्यात बेफिकिरीने भरतो. मुख्याध्यापक कोण होणार यावर कोर्टापर्यंत भांडणं जातात. उपमुख्याध्यापक कोण होणार यावर फक्त एकच प्रश्न असतो, यादीत पुढचा नंबर कोणाचा.

मुख्याध्यापकांना नावं ठेवायची म्हणून हे लिहीत नाही. त्यांचं काय झालंय ते बघा ना. शालार्थ पोर्टलवर पगारबिलं, यू-डायस प्लस पोर्टलवर शाळेची माहिती, सरल पोर्टलवर मुलांची नोंद आणि प्रत्येकाचं आधार व्हॅलिड झालंय का ते (कारण ते झालं नाही तर संचमान्यतेत, म्हणजे मुलं मोजून शिक्षकांची पदं ठरवताना, मूल धरलं जात नाही आणि मूल धरलं नाही की शिक्षक अतिरिक्त ठरतो), मुलांचे अपार आयडी म्हणजे कायमचे ओळख क्रमांक, पोषण आहाराचे रोजचे आकडे, शिष्यवृत्तीचे फॉर्म, दहावीचे फॉर्म, कुठल्यातरी अभियानाचे फोटो आजच्या आज अपलोड करा असा दुपारी दोनला आलेला मेसेज, शिवाय पगारबिलं बघणाऱ्या वेतन पथकात खेप, शिक्षणाधिकारी कार्यालयात मीटिंग, संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन. खूप शाळांत क्लार्कचं पद रिकामं आहे, म्हणजे यातलं निम्मं मुख्याध्यापक स्वतः करतात आणि उरलेलं कॉम्प्युटर येणाऱ्या एखाद्या तरुण शिक्षकाच्या गळ्यात पडतं. अशा माणसाने दिवसातून एक तास वर्गाच्या मागच्या बाकावर बसून पाठ बघावा अशी अपेक्षा करायला हरकत नाही, पण ती पुरी होणार नाही हेही आपल्याला माहीत असतं.

मग ते काम दुसऱ्या खुर्चीवर येतं. त्या खुर्चीवर कोण बसतं?

महाराष्ट्रात खासगी अनुदानित शाळांना 1977 चा कर्मचारी सेवाशर्तींचा कायदा आणि त्याखालची 1981 ची नियमावली लागू आहे. सेवाज्येष्ठता यादी कशी करायची ते त्यातल्या अनुसूची फ मध्ये आहे आणि ही अनुसूची स्टाफरूममध्ये लोकांना पाढ्यांसारखी पाठ असते. ज्येष्ठतम, पात्रता असलेला आणि सेवेचा रेकॉर्ड समाधानकारक असलेला शिक्षक मुख्याध्यापक होतो. खालची दोन पदंही त्याच यादीवरून सरकत जातात. अल्पसंख्याक संस्थांना प्रमुख निवडण्याची मोकळीक त्याच कायद्यात दिलेली आहे, बाकी सगळ्यांना यादी.

आता इथे बरेच लोक, विशेषतः कॉर्पोरेटमध्ये काम करणारे पालक, म्हणतात की ही काय पद्धत, मेरिटवर नेमा, इंटरव्ह्यू घ्या, ज्याच्यात लीडरशिप आहे त्याला करा. ऐकायला छान वाटतं. पण ही यादी आली कशातून ते विसरून चालत नाही. संस्थाचालकाची सून, पुतण्या, निवडणुकीत गाडी चालवणारा कार्यकर्ता यांना वर आणि पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसाला खाली बसवण्याचे उद्योग गावोगाव चालायचे, म्हणून कायद्याच्या कलम 9 मध्ये नुसती बडतर्फी नाही तर बढतीत डावललं तरी शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायची सोय ठेवलीय. उद्या इंटरव्ह्यूवर निवड करायची म्हटली तर इंटरव्ह्यू घेणार कोण? तीच शालेय समिती, तेच अध्यक्ष. मेरिट म्हणजे काय ते तेच ठरवणार. तेव्हा यादी काढून टाका असं मी म्हणणार नाही, ज्याने संस्थेचं राजकारण जवळून बघितलंय असा कोणीही शिक्षक म्हणणार नाही.

पण यादी ठेवायची म्हणजे डोळे मिटून ठेवायची असंही नाही ना. यादीने सांगितलेलं असतं की कोणावर अन्याय करू नका. हा माणूस त्या कामाला तयार आहे का हे यादी सांगत नाही, आणि ते विचारायची दुसरी कुठलीही जागा आपण ठेवलेली नाही.

प्रत्यक्षात काय होतं बघा. अनुदानित शाळेतला शिक्षक 58 व्या वर्षी रिटायर होतो. यादीत वर पोचेपर्यंत बहुतेकांची छपन्न-सत्तावन्न वर्षं झालेली असतात. संस्थेच्या एकापेक्षा जास्त शाळा असतील तर यादी सगळ्या शाळांची मिळून एक, म्हणजे या गावातल्या बाई उपमुख्याध्यापक म्हणून तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या शाखेत जातात, तिथल्या शिपायांची नावं पाठ होईस्तोवर दिवाळी येते, मग दहावीच्या बोर्डाची गडबड, आणि मे अखेर निरोप समारंभ, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. पुढच्या जूनमध्ये नवीन नाव. अशी शाळा मी बघितलीय जिथे मुलं पाचवीत आली आणि दहावी होऊन गेली तेवढ्यात या खुर्चीवर इतकी माणसं येऊन गेली की मुलांना विचारलं तर कोणाचंच नाव नीट सांगता यायचं नाही. आठ-दहा महिन्यांसाठी आलेला माणूस नवीन काही सुरू करत नाही, आणि का करावं, त्याला कोणाशी वाईटपणा घ्यायचा नसतो, पेन्शनची कागदपत्रं पुरी करायची असतात, त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

दुसरी गंमत म्हणजे नकाराची पत्रं. बढती नको म्हणून लेखी देणारे शिक्षक आता कमी नाहीत. कारण सरळ आहे. 12 वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि काहींना 24 वर्षांनी निवड श्रेणी अशी वरची वेतनश्रेणी लागलेली असते, त्यामुळे या वयात पद घेतलं काय आणि न घेतलं काय पगारात फार फरक पडत नाही, डोकेदुखी मात्र दुप्पट होते. बायका जास्त नकार देतात असं लोक म्हणतात आणि त्यावर हसतात, पण घरी आजारी सासूबाई आणि शाळेत संध्याकाळी साडेसहापर्यंत थांबायचं असं असेल तर हसणाऱ्याने स्वतः करून दाखवावं. पहिल्याने नकार दिला की दुसरा, दुसऱ्याने दिला की तिसरा, असं करत ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्यापाशी पद थांबतं.

आणि यातला सगळ्यात न कळणारा प्रकार म्हणजे प्रभारी. शिक्षक नोकरीला लागतो त्याच दिवशी त्याची रिटायरमेंटची तारीख सर्व्हिस बुकात ठरलेली असते. तीस वर्षं आधी माहीत असलेली तारीख. तरी ती उजाडल्यावर संस्था जागी होते, मग ठराव, मग प्रस्ताव, मग शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता, मग त्रुटी निघते, मग पुन्हा प्रस्ताव, आणि तोपर्यंत मुख्याध्यापक प्रभारी, म्हणून उपमुख्याध्यापकही प्रभारी, म्हणून पर्यवेक्षकाचं काम कोणीतरी बघतंय. प्रभारी माणसाचं कोणी ऐकत नाही. सरळ तोंडावर सांगतात, सर तुम्ही कायम झालात की बघू.

आता हे काम नेमकं काय असतं त्याबद्दल, कारण बाहेरच्या लोकांना, अगदी पालकांनाही, वाटतं की हातात छडी घेऊन व्हरांड्यात फिरणं एवढंच.

सगळ्यात आधी बदली तास. तीस तुकड्यांची शाळा धरा, दिवसाला आठ तासिका, म्हणजे रोज 240 वेळा कोणीतरी कोणत्या तरी वर्गावर वेळेत पोचायचंय. चार शिक्षक गैरहजर, एकाची किरकोळ रजा, एकजण ट्रेनिंगला, एकजण बीएलओच्या म्हणजे मतदारयादीच्या कामाला, एकाचं मूल तापाने फणफणलंय, झाले वीस-बावीस तास रिकामे. परिपाठ संपायच्या आत ते भरायचे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना दुसरी अशैक्षणिक कामं देता येत नाहीत, पण एकट्या निवडणुकीतच इतकं काम निघतं की ते कलम वाचून हसू येतं, आणि सरकारने माणूस नेला की मागे पडलेला वर्ग सांभाळायचा या एका माणसाने.

ही बदली तासांची वही म्हणजे या पदाची खरी सत्ता. कोणाला सलग सहावा तास लावायचा, कोणाला जेवणाच्या सुट्टीनंतरचा सातवी क चा तास द्यायचा (ज्याने सातवी क घेतलीय त्याला कळेल), कोणाला सोडायचं. सगळी शाळा ती वही बघून ठरवते की माणूस सरळ आहे की नाही. आपल्या गटातल्याला सोडणारा, संस्थेच्या नातेवाईक बाईंना कधीच तास न लावणारा आणि मानधनावरचा गरीब बिचारा शिक्षणसेवक दिसला की त्याच्या नावावर रोज दोन तास टाकणारा उपमुख्याध्यापक किती विद्वान असला तरी तीन आठवड्यांत स्टाफरूम त्याच्या हातातून जाते. याउलट, महिन्याच्या शेवटी कोणाला किती बदली तास लागले याचा हिशेब नोटीस बोर्डावर लावणारे एक सर मी बघितलेत. कोणी सांगितलं नव्हतं, कुठल्या जीआरमध्ये नाही. भांडणं एकदम बंद झाली नाहीत, पण निदान ती आकड्यांवर व्हायला लागली. न्याय हा गुण मी पहिला धरतो, लीडरशिप वगैरे नंतर.

दुसरं काम, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय, ते म्हणजे पाठ बघणं. लॉगबुक नावाची वही प्रत्येक शाळेत असते. ती उघडून बघा, पानामागून पान एकच मजकूर. पाठ चांगला झाला, विद्यार्थ्यांचा सहभाग चांगला, फलकलेखन सुधारावे. शिक्षकाची सही, बघणाऱ्याची सही. तपासणीला कोणी आलं की दाखवायला. मी शिकवायला लागलो तेव्हापासून माझं फलकलेखन सुधारायचं राहिलेलंच आहे असं ही लॉगबुकं सांगतात.

खरं बघणं वेगळं असतं. बीजगणिताचा तास चाललाय, सर फळ्यावर उदाहरण सोडवतायत, पहिल्या दोन बाकांवरची चार मुलं उत्तरं देतायत आणि सरांना वाटतंय की वर्गाला समजलं. मागे बसलेल्या माणसाने पाचव्या बाकावरच्या मुलीची वही बघितली तर तिने चिन्ह बदलायचं कुठे ते गेल्या आठवड्यापासून चुकीचं लिहिलंय. तास संपल्यावर सरांना बाजूला घेऊन सांगायचं की सर, उद्या मागच्या तीन मुलांना फळ्यावर बोलवून बघा. एवढंच. यात उपदेश नाही, फॉर्म नाही, पण हे सांगायला तीन गोष्टी लागतात. बघणाऱ्याला विषय नाही तरी शिकवणं कळलं पाहिजे, समोरच्याला खात्री पाहिजे की हे माझ्या गोपनीय अहवालात जाणार नाही, आणि पुढच्या आठवड्यात हा माणूस परत येऊन विचारणार आहे हे माहीत पाहिजे. आठ महिन्यांच्या उपमुख्याध्यापकाला यातली तिसरी गोष्ट जमतच नाही.

कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांचा पाठ आज बघायचा, हे अवघड आहे याची मला कल्पना आहे. स्टाफरूममध्ये लगेच ऐकू येतं, आता आम्हाला शिकवायला लागले. म्हणूनच हे शिकवावं लागतं. बीएडमध्ये मुलांना शिकवायला शिकवतात, मोठ्या माणसाला त्याची चूक कशी सांगायची ते तिथे नसतं. सोयी अगदीच नाहीत असंही नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका खूप शिक्षकांनी केलीय, डीएसएम म्हणतात तिला, छत्रपती संभाजीनगरला मिपा म्हणून शैक्षणिक नियोजन आणि प्रशासनाचीच राज्याची संस्था आहे, दिल्लीच्या नीपामध्ये शाळा नेतृत्वाचं राष्ट्रीय केंद्र आहे. पण यातलं काहीही केलं नाही तरी खुर्ची मिळते आणि सगळं केलं तरी यादीतला नंबर हलत नाही, मग कोणी मनापासून कशाला करेल. वरिष्ठ श्रेणी पाहिजे तर ट्रेनिंग सक्तीचं, म्हणजे स्वतःचा पगार वाढवायला ट्रेनिंग लागतं आणि चाळीस शिक्षकांवर देखरेख करायला लागत नाही.

तिसरं शिस्तीचं. आपल्याकडे पर्यवेक्षक सर म्हटलं की मुलांच्या पोटात गोळा येतो आणि पालकांना ते आवडतं, असेच पाहिजेत म्हणतात, आमच्या वेळी अमुक सर होते, काय दरारा होता. दरारा असू दे. पण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलंय आणि तो कायदा 2009 चा आहे, अजून किती वर्षं नवीन म्हणायचा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्या माणसाला बघून मुलं पळतात त्या माणसाला मुलं काही सांगत नाहीत. रिक्षावाले काका कसे वागतात, वरच्या वर्गातली मुलं टॉयलेटमध्ये काय करतात, ट्यूशनच्या सरांचे मेसेज येतात, हे सांगायला मुलीला शाळेत एक माणूस पाहिजे आणि तो वर्गशिक्षक नसेल तर दुसरा कोण असणार.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण बाहेर आलं, लोक रेल्वे रुळांवर उतरले, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर राज्यभर सीसीटीव्ही, पोलीस व्हेरिफिकेशन, मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती, तक्रारपेटी यांच्या सूचनांचा पाऊस पडला. ही समिती खरं तर 2022 च्या शासन निर्णयातच होती. किती शाळांत ती कागदाबाहेर होती ते ज्याने त्याने आठवून बघावं. पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा 2012 चा, त्यात कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि संस्थेचा प्रमुख गप्प बसला तर त्याला शिक्षा आहे. पण कायदा असून उपयोग काय, शाळेत पहिल्यांदा कोणाला कळणार आणि कळल्यावर त्याने पाच मिनिटांत काय करायचं हे ठरलेलं नसेल तर मामला बाईंकडून सरांकडे, सरांकडून मुख्याध्यापकांकडे, तिथून सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी म्हणणार संस्थेचं नाव खराब होईल, बघू. इथे उपमुख्याध्यापकाचं लेखी काम ठरवा, मुलांच्या सुरक्षिततेच्या तक्रारी याच व्यक्तीकडे येतील आणि पोलिसांना कळवायला त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. कायद्याप्रमाणे तशीही नाहीये, फक्त शाळेत कोणाला ते माहीत नसतं. आणि मग या पदावर दरारा असलेला माणूस हवा की दार उघडं ठेवणारा, ते तुम्हीच ठरवा.

आता मुख्याध्यापकांशी नातं. हा भाग लोक लिहीत नाहीत, पण अर्ध्या शाळा याच्यावरून बिघडतात. उपमुख्याध्यापक एकतर हो सर हो सर करणारा असतो, नाहीतर स्टाफरूममध्ये बसून मुख्याध्यापकांच्या चुका मोजणारा, कारण पुढचा नंबर त्याचाच असतो. दोन्ही वाईट. केबिनचं दार बंद करून सर हे चुकतंय असं सांगणारा आणि बाहेर आल्यावर ठरलेल्या निर्णयामागे उभा राहणारा माणूस मिळणं फार कठीण. तो असेल तर मुख्याध्यापकांनीही त्याला काही सह्यांचे अधिकार दिले पाहिजेत. बोनाफाईडवर सही करायला पालकाने तीन खेपा घालायच्या कारण मुख्याध्यापक मीटिंगला गेलेत आणि उपमुख्याध्यापक शेजारच्या खुर्चीत बसलेत पण सही करू शकत नाहीत, हा काय प्रकार आहे. दोन सत्रांच्या शाळेत तर सकाळचं अख्खं सत्र उपमुख्याध्यापक एकट्याने चालवतात, म्हणजे सकाळी सात ते बारा तेच मुख्याध्यापक असतात, फक्त अधिकार दुपारी येणाऱ्या माणसाकडे असतात.

मग करायचं काय. यादी राहू दे, पण यादीत वर आलेल्या माणसाला पद मिळायच्या आधीच्या वर्षात तयारी सक्तीची करा, आणि ती ऑनलाइन व्हिडिओ बघून टिक करायची नको, दुसऱ्या चांगल्या शाळेत पंधरा दिवस जाऊन बसायचं, वेळापत्रक करायचं, पाठ बघायचे, पालकांच्या मीटिंगला बसायचं. रिटायरमेंटची तारीख माहीत असतेच, तेव्हा मान्यतेचा प्रस्ताव सहा महिने आधी गेला पाहिजे आणि शिक्षणाधिकाऱ्यांनी जागा रिकामी व्हायच्या आत तो निकाली काढला पाहिजे. आणि निदान दोन वर्षं सेवा शिल्लक असलेल्यालाच या खुर्चीवर बसवायचं.

हे शेवटचं वाचून बरेच सिनियर लोक चिडतील. बरोबर आहे चिडणं. ज्याने अठ्ठावीस वर्षं वाट बघितली त्याला चौदा महिने राहिलेत म्हणून डावलायचं का? माझं मत असं की डावलायचं नाही, त्याला पदाची वेतनवाढ आणि दर्जा द्या, निवृत्तिवेतनात धरा, आणि काम यादीतल्या पुढच्या माणसाकडे द्या ज्याला तीन-चार वर्षं आहेत. वर सांगितलंच की पगारातला फरक तसाही फार नसतो, तेव्हा सरकारची तिजोरी काही रिकामी होणार नाही. त्यासाठी नियमावली बदलावी लागेल, आणि नियमावलीला हात लावला की संस्थाचालक दुसऱ्या दारातून आपला माणूस घुसवायला बघतील हा धोका आहे, म्हणून अट एकच आणि मोजता येणारी ठेवा, सेवा किती शिल्लक आहे. तिथे कोणाच्या मताला जागा नको. समाधानकारक रेकॉर्ड वगैरे शब्दांशी कसे खेळ होतात ते आपण बघितलंय.

विनाअनुदानित इंग्रजी शाळांचा प्रश्न उलटा आहे. तिथे यादी बिदी प्रत्यक्षात कोणी विचारत नाही, व्हाइस प्रिन्सिपल आणि दोन-तीन कोऑर्डिनेटर मॅनेजमेंटच्या मर्जीने येतात आणि जातात, पाठ मात्र नियमित बघितले जातात हे मान्य केलं पाहिजे. फक्त तिथे बघणाऱ्याचा रिपोर्ट पुढच्या वर्षीच्या काँट्रॅक्टशी जोडलेला असतो, म्हणून शिक्षक त्या दिवशी नाटक करतो.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत तर हे पदच नाही. दोन शिक्षकी शाळेत उप कोणाचा होणार. तिथे केंद्रप्रमुखाने दहा-बारा शाळांत जाऊन हे काम करायचं अशी मूळ कल्पना होती, आज त्यातल्या बऱ्याच जागा रिकाम्या आणि जे आहेत ते माहिती गोळा करण्यात गुंतलेले. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

शेवटी पैशाचं बोलू, कारण शिक्षण खात्यात सगळं तिथेच अडतं. संचमान्यतेत हे पद मुलं, तुकड्या आणि शिक्षक मोजून मिळतं. मराठी माध्यमाच्या शाळांत मुलं कमी होतायत, तुकड्या गेल्या की आधी उपमुख्याध्यापक जातो, मग पर्यवेक्षक जातो, आणि मुख्याध्यापक एकटे सगळ्या पोर्टलांसमोर. मुलं कमी झाली म्हणून पोर्टलं कमी होत नाहीत, प्रत्येक शाळेला तेवढेच फॉर्म. त्यात 2012 पासून बरीच वर्षं शिक्षकभरती बंद होती, आता पवित्र या सरकारी भरतीच्या पोर्टलवरून थोडीथोडी होते, म्हणजे बदली तास घ्यायलाही माणूस नाही. अशा शाळेत नवीन पद द्या म्हटलं तर वित्त विभाग हसेल. ठीक आहे, पद नका देऊ. दोन-तीन लहान शाळा मिळून एक डेटा एंट्री ऑपरेटर द्या, त्याचा पगार उपमुख्याध्यापकाच्या पगारापेक्षा कितीतरी कमी असेल, आणि मुख्याध्यापकांना रोज निदान दोन तास वर्गात जाता येईल असं लेखी काढा. हे करायला कायदा बदलावा लागत नाही, एक जीआर पुरतो, आणि जीआर काढण्यात आपलं खातं कधी मागे पडल्याचं मला तरी आठवत नाही.